‘अलेक्सा’ घरात असणे म्हणजे आपत्कालीन बटण असणे नव्हे

परदेशी स्थायिक झालेली मुले पुण्यात किंवा ठाण्यात एकट्या राहणाऱ्या आईसाठी ‘अलेक्सा’ हा अ‍ॅमेझॉनचा आवाजी मदतनीस असलेला, बोलून चालवायचा स्मार्ट स्पीकर घेतात आणि ‘आता काही झाले तर तिने नुसती हाक मारायची’ असे समाधानाने सांगतात. हाक मारता येणे आणि हाकेला कोणी धावून येणे यांतली ही गल्लत इतक्या वेळा ऐकली आहे की, ती एकदा नीट सोडवून लिहिणे भाग आहे.

स्पीकर सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवा बंद करणे, अभंग लावणे, गोळीची वेळ सांगणे ही कामे तो चोख करतो. संधिवाताने बोटे आखडलेल्या किंवा दृष्टी अधू झालेल्या माणसाला त्याचा खरोखर आधार होतो. अर्थात, गोळीची आठवण करून देणाऱ्या या यंत्राला गोळी घेतली गेली की नाही, हे कळत नाही.

गळ्यात किंवा मनगटावर बाळगायचे आपत्कालीन बटण त्याहून बरेच जुने आहे. १९७० च्या दशकात जर्मनी आणि अमेरिकेत सुरू झालेल्या या व्यवस्थेत बटण दाबताच चोवीस तास चालणाऱ्या केंद्रातील माणसाशी संपर्क होतो. स्पीकरला वीज आणि वाय-फाय लागते, तर बटणाच्या यंत्रात बहुधा बॅटरी असते. बटण पाण्यात भिजले तरी सहसा चालते, स्पीकर मात्र दिवाणखान्यातच राहतो. हे फरक खरे असले तरी किरकोळ आहेत, कारण इन्व्हर्टर आणि न्हाणीघराजवळ ठेवलेला दुसरा स्पीकर यांनी ते बरेचसे भरून निघतात.

कशानेही भरून न निघणारा फरक आहे तो शांततेच्या अर्थाचा. दुपारी दोनच्या सुमारास आई घसरून पडली, असे समजा. स्पीकरकडून मदत हवी, तर तिला आधी त्याचे नाव घ्यावे लागेल, मग कोणाला फोन लावायचा ते स्पष्ट सांगावे लागेल, आणि कॅलिफोर्नियात मध्यरात्र उलटून गेलेली असताना मुलाने तो फोन उचलावा लागेल. पक्षाघाताने जीभ जड झाली असेल, तर साखळी पहिल्याच कडीला तुटते. मुलाने फोन उचलला नाही, तर स्पीकरच्या लेखी काम संपले. न विचारता थेट संवाद सुरू करण्याची ‘ड्रॉप इन’ सुविधा आहे खरी, पण ती वापरण्यासाठी मुलाला आधी शंका यायला हवी. उलट, चांगल्या बटण-सेवेत बटण दाबल्यानंतर आईकडून उत्तर न येणे हेच संकटाचे लक्षण मानले जाते: केंद्रातील माणूस पुन्हा फोन करतो, शेजाऱ्यांना कळवतो, गरज पडल्यास रुग्णवाहिका बोलावतो. स्पीकरसाठी शांतता म्हणजे काहीच घडलेले नाही; केंद्रासाठी तीच शांतता म्हणजे काहीतरी घडले आहे.

अलेक्साच्या कॉलिंग सुविधेतून ११२ किंवा १०८ हे आपत्कालीन मदतीचे क्रमांक लावता येत नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये ‘इमर्जन्सी असिस्ट’ ही प्रशिक्षित माणसांशी जोडून देणारी सेवा आणली, तीही वेगळे मासिक शुल्क आकारून. स्पीकरमध्ये मुळात काय नाही, याची ती कबुलीच म्हणायची.

बटणही निर्दोष नाही. ‘खराब होईल’ म्हणून ते देवघरातल्या डबीत जपून ठेवणारी ज्येष्ठ मंडळी घरोघरी सापडतील, आणि डबीतले बटण पडलेल्या माणसाच्या हाती लागत नाही. त्याहून मला राग येतो तो ‘एसओएस’ असे नाव देऊन विकल्या जाणाऱ्या, प्रत्यक्षात मुलाच्या मोबाइलवर केवळ संदेश धाडणाऱ्या बटणांचा. पैसे एकाच साधनापुरते असतील, तर मी निःसंकोचपणे माणसे बसलेल्या केंद्राचे बटण आधी घेईन आणि अभंग रेडिओवर ऐकेन. मात्र विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे की, बटण दाबल्यावर आई काही बोललीच नाही, तर पुढच्या दहा मिनिटांत तुमच्याकडचे कोण काय करील? यावर तो अ‍ॅपची वैशिष्ट्ये सांगू लागला, तर तो तुम्हाला नुसती घंटा विकत आहे.