नाकावरचं तिसरं इंजिन

साव्होया-मार्केट्टी एसएम-८१ या जुन्या इटालियन बॉम्बफेकी विमानाचा फोटो बघितला की आधी नजर जाते ती नाकावरच्या इंजिनकडे. दोन्ही पंखांवर एकेक आहेच, मग हे तिसरं कशाला? तर १९३५ च्या सुमारास इटलीत या विमानासाठी जी इंजिनं हाताशी होती ती साधारण ६५०-७०० हॉर्सपॉवरची, आणि बॉम्ब, पेट्रोल, पाच-सहा माणसं घेऊन २४ मीटर पंखांचं धूड दोघांनी ओढायचं म्हणजे अवघडच, शिवाय दोनातलं एक बंद पडलं की निम्मी ताकद गेली, तीनातलं पडलं तर एक तृतीयांशच जाते.

पण नाकात इंजिन बसलं की बॉम्ब टाकणाऱ्याची हक्काची जागा गेली. खरं तर त्याला पुढे काचेत बसून खालची जमीन दिसायला हवी. इथे बिचाऱ्याला पायलटच्या खाली, पोटाजवळच्या कप्प्यात बसावं लागायचं.

आणि ती चाकं! आत न ओढता येणारी, वर मोठाली आवरणं चढवलेली. एसटीच्या खिडकीबाहेर हात काढून तळवा आडवा धरा, मग उभा करा (जपून हो), लगेच कळतं हवा किती मागे ढकलते ते. वेग दुप्पट केला की हा विरोध चौपट होतो आणि ताकद लागते आठपट. म्हणून हे विमान ताशी ३४० किमीच्या आसपासच अडकलं, आणि त्याच कंपनीचं एसएम-७९, तेही तीन इंजिनांचंच, पण चाकं आत घेणारं आणि अंगाने सडसडीत, ४३० पर्यंत गेलं.

१९३५-३६ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला, तिथे हा संथपणा नडला नाही, कारण समोर लढाऊ विमानंच नव्हती. त्या युद्धात इटलीच्या हवाई दलाने माणसांवर मस्टर्ड गॅस, म्हणजे कातडी भाजणारा विषारी वायू, टाकला, आणि ते आठवलं की या विमानाच्या फोटोकडे नुसतं मशीन म्हणून बघताच येत नाही मला.

३० जुलै १९३६ ला, स्पेनच्या सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या जनरल फ्रँकोच्या मदतीला, अशी १२ विमानं सार्डिनियातल्या एल्मासहून स्पॅनिश मोरोक्कोकडे निघाली, अंतर साधारण ११५० किमी, आणि वाटेत समोरून वारा. प्रवाहाविरुद्ध होडी वल्हवल्यासारखंच ते. समजा विमान हवेत ताशी २६० ने चाललंय, तर साडेचार तासांत पोचेल, पण समोरून ५० चा वारा असेल तर जमिनीवरून वेग उरतो २१० आणि तास लागतात साडेपाच. म्हणजे एक तासाचं जास्तीचं पेट्रोल, ते आणणार कुठून? पोचली ९. एक समुद्रात गेलं, दोन फ्रेंच हद्दीत उतरायला गेली, त्यातलं एक कोसळलं, आणि मग इटली लपूनछपून मदत करतेय हे सगळ्या जगाला कळलं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत दिवसाढवळ्या हे विमान उडवणं म्हणजे शत्रूच्या फायटरला आयती शिकार देणं, म्हणून बॉम्ब टाकायला ते रात्री निघायचं आणि एरवी पोटात सैनिक नि सामान भरून ने-आण करायचं. इटालियन लोक त्याला आधीपासूनच पिपिस्त्रेल्लो म्हणायचे, म्हणजे वटवाघूळ.