जीर्णोद्धार, जुन्या मोटारींचा : मूळबरहुकूम बारकावे

जुनी मोटार केवळ चालती आणि देखणी करण्यावर न थांबता, ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचा प्रत्येक भाग ज्या धातूचा, ज्या मापाचा, ज्या रंगाचा आणि ज्या पद्धतीने बसवलेला होता तसाच तो पुन्हा करणे, याला मूळबरहुकूम जीर्णोद्धार म्हणतात. इंजिन, चाके, बोनट यांबाबत सहसा वाद होत नाही. कामाची खरी परीक्षा स्क्रूचे डोके, वायरीचे वेष्टन, काचेच्या कोपऱ्यातली खूण, दाराच्या रबरी पट्टीची जाडी अशा गोष्टींत होते, कारण बाजारात सहज मिळते ते घाईघाईने लावून टाकण्याचा मोह तिथेच सर्वांत जास्त असतो.

‘मूळ’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न इंदूरमध्ये दोन अगदी वेगळ्या रूपांत समोर येतो. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५ साली तयार झालेल्या ड्यूसेनबर्ग एसजे या प्रसिद्ध मोटारीची चासी आणि इंजिन अमेरिकेतले होते, तर तिच्यावरची केशरी-काळी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडीकारांनी एका ग्राहकासाठी म्हणून घडवली होती. इंजिनाच्या बाबतीत कारखान्याची पुस्तिका कामाला येते. बॉडीच्या बाबतीत मात्र तत्कालीन छायाचित्रे आणि ती गाडी स्वतः, एवढाच पुरावा उरतो. याउलट रामबाग किंवा नारायणबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीत आजोबांनी घेतलेली अँबॅसडर किंवा डुक्कर फियाट उभी असेल, तर तशा हजारो गाड्या निघालेल्या असल्यामुळे नमुना शोधणे सोपे वाटते. प्रत्यक्षात तीच अधिक फसवी असते. अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली असली, तरी हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या (पश्चिम बंगाल) कारखान्यात तिच्यात वर्षानुवर्षे आपल्याकडचे बदल होत गेले. त्यामुळे इंग्लंडहून मागवलेला ऑक्सफर्डचा भाग अस्सल असूनही त्या गाडीपुरता चुकीचा ठरू शकतो. अँबॅसडरच्या मार्क-२ या आवृत्तीची समोरची चौकटी-चौकटींची जाळी काढून १९७५ साली आलेल्या मार्क-३ची जाळी बसवलेली गाडी अनेकांना मूळच वाटते, आणि घरातल्या मंडळींच्या आठवणीतही ती तशीच असते.

म्हणून काम सुरू करण्याआधी गाडी वाचावी लागते, आणि हे वाचन गाडी धुण्याच्याही आधी व्हावे. चासी आणि इंजिनाचे क्रमांक, पाट्या, तारांचे मार्ग, वॉशरची जागा यांची छायाचित्रे घ्यावीत. मूळ रंग ऊन न लागलेल्या जागी टिकून असतो: डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या आतल्या रेग्झिनखाली, तारा जातात त्या भोकातल्या रबराखाली, नंबरप्लेटच्या आड. अशा जागी रुपयाच्या नाण्याएवढ्या भागावर बारीक पॉलिश पेपर पाणी लावून गोल फिरवला, की थर कडी-कड्यांनी उघडे पडतात. मध्यभागी पत्रा चमकतो, त्याभोवती प्रायमरचे कडे येते, त्याला लागून कारखान्याचा रंग दिसतो आणि मग बाहेरच्या बाजूला नंतरच्या प्रत्येक डेंटिंग-पेंटिंगचा एकेक थर. चाळीस वर्षे पांढरी म्हणून ओळखली गेलेली गाडी मुळात फिकट हिरवी होती, हे या एवढ्याशा वर्तुळात कळते. पुढचा पेपर मारण्याआधी त्या जागेचे छायाचित्र सूर्यप्रकाशात घ्यावे. कारण एकदा सगळा पत्रा उघडा केला, की हा पुरावा परत मिळत नाही.

रंगाची जातही रंगाइतकीच महत्त्वाची असते. ड्यूपाँ कंपनीने १९२३ साली बाजारात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे ‘ड्यूको’ हे नाव आपल्या गॅरेजांत रंगकामाचेच नाव होऊन बसले. हा रंग पातळ थरांनी चढतो आणि घासूनच चमकतो. आजच्या पारदर्शक लॅकरच्या थरासारखी काचेरी खोली त्याला नसते. चकाकी जास्त आली म्हणजे काम चांगले झाले, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. कारखान्यात जो भाग साधा काळा रंगवला जात असे त्याला क्रोम चढवणे, किंवा बोनटच्या आतला पत्रा बाहेरच्याइतकाच लखलखीत करणे, हीसुद्धा चूकच होय, मग त्यावर कितीही खर्च झालेला असो. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांवर निकेलचा मुलामा असे. त्याची छटा किंचित पिवळसर, तर क्रोमची निळसर. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक लपत नाही.

स्क्रू आणि बोल्ट हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. फिलिप्सचा चौफुलीचा स्क्रू मोटारींत १९३६ साली प्रथम कॅडिलॅकने वापरला. तेव्हा वर उल्लेखिलेल्या १९३५ च्या ड्यूसेनबर्गवर एका खाचेचेच स्क्रू शोभतात, आणि चौफुलीचा एक जरी दिसला तरी तो नंतर बसवला हे ओळखता येते. इंग्रजी गाड्यांत आधी व्हिटवर्थ घराण्याचे (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू यूएनएफ जातीचे (नव्या इंची मापाचे, बारीक) आटे आले. फियाट मात्र मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाची. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘साधारण एवढा’ म्हणून मागितलेला बोल्ट बहुधा मेट्रिक मिळतो. ५/१६ इंच यूएनएफ बोल्टचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे एम-८ (८ मिलिमीटर मेट्रिक) बोल्टहून डोळ्याला न कळण्याइतका कमी. पण यूएनएफचे दोन आटे सुमारे १.०६ मिलिमीटर अंतरावर असतात आणि एम-८चे १.२५ मिलिमीटर अंतरावर. एम-८ बोल्ट दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे पाना जोरात ओढला, की ब्लॉकमधले आटे गेलेच. डोक्यावर ‘८.८’ ही मेट्रिक बोल्टची खूण कोरलेला बोल्ट जुन्या अँबॅसडरच्या इंजिनावर दिसला, तर आतल्या आट्यांचीही तपासणी करावी.

लूकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनमागच्या फ्यूजची, निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या दिव्यांची आणि काळी अर्थची असते. एकाच रंगाच्या तारेने सगळे जोडून टाकले, की पुढच्या कारागिराला दोष शोधणे अशक्यप्राय होते. म्हणजे इथे मूळबरहुकूमपणा थेट सुरक्षिततेच्या कामी येतो. ब्रेकची रबरे आणि नळ्या मात्र जुन्या ठेवण्याचा हट्ट कुणीही धरू नये.

भारतात या बारकाव्यांना कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अर्जापुरते मोठे भाग पुरतात. तरीही काढलेला प्रत्येक जुना स्क्रू, गंजलेली पकड आणि रबराचा तुकडा चिठ्ठी बांधून, कुठून काढला ते लिहून, एका डब्यात गाडीसोबतच ठेवावा. पुढच्या वेळी ती उघडली जाईल तेव्हा नमुना म्हणून तोच डबा उघडला जाईल.