पावणी

पावणी म्हणजे जाहीर लिलाव. गोव्यात कागदावर 'लिलाव' लिहिला तरी बोलताना तोंडी हाच शब्द येतो. जत्रेत देवापुढे आलेल्या नारळांची आणि केळ्यांच्या घडांची पावणी होते, मानशीतल्या, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराशी मिळणाऱ्या, मासळीच्या हक्काची होते, काजूच्या विभागांची होते, बाजारातल्या विक्रेत्यांवरच्या सोपो कराचीही होते. मोल सर्वांदेखत बोलीवर ठरते आणि शेवटची बोली लावणारा ते स्वतःच्या खिशातून भरतो, हे तिचे मर्म. मुक्त बाजार आणि मर्यादित शासन यांविषयी जे वाद जगभर झाले, त्यांतला बराचसा भाग या एका प्रथेच्या इतिहासात पाहता येतो.

तिचे सर्वांत जुने क्षेत्र गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामायिक संस्था; तिचे सदस्य ते गावकार. पोर्तुगीज येण्याआधीपासून गावची शेते गावकारीच्या मालकीची असत. १५२६ च्या पोर्तुगीज फोराल सनदेने गावकारींच्या चालीरीती लेखी नोंदवल्या. शेत कोणी कसायचे हे साधारण दर तीन वर्षांनी पावणीत ठरे. आलेल्या पैशातून राज्याचा कर भरायचा, खाजनाचे (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनीचे) बांध राखायचे, देवळाचा आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च भागवायचा. उरेल ते 'जोण' म्हणून गावकारांत वाटायचे. सामुदायिक मालकी पाहून हा समाजवादाचा देशी नमुना असे अनेकांना वाटते. ते बरोबर नाही. मालकी सामायिक होती, पण शेताचे मोल वरून कोणी नेमून देत नव्हते. कुठल्या शेतात खारे पाणी झिरपते, कुठे कोरगूट हा खारेपण सोसणारा भात चांगला येतो, हे ज्याला ठाऊक तो त्या हिशेबाने बोली लावी. खर्च आणि उत्पन्न गावातच असल्यामुळे बांध फुटला तर पुढच्या पावणीत बोली पडे आणि जोण आटे. प्रथेत दोषही होते. गावकारपण वंशाने, पुरुषांच्या बाजूने येई; पैसेवाला बोली चढवून शेत घेई आणि राबणारा त्याचे कूळ होऊन राही.

अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० मध्ये समाजवादावर घेतलेला आक्षेप इथे नीट समजतो. उत्पादनाची साधने सरकारच्या हाती गेली की त्यांची खरीखुरी खरेदी-विक्री थांबते. किंमत उरत नाही, आणि किंमत नसेल तर कुठली वस्तू कुठे लावावी याचा हिशेबच करता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ मध्ये त्याला जोड दिली : माहिती असंख्य माणसांत विखुरलेली असते, ती कुठल्याही कचेरीत गोळा होत नाही, किंमत ती आपोआप पोचवते. खाजनातला शेतकरी बोली लावतो तेव्हा नेमके हेच घडते.

पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त झाल्यावर १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले आणि शेतांची पावणी बहुतांशी थांबली. कसणाऱ्याला डोक्यावरची टांगती तलवार नको होती. ती मागणी न्याय्यच होती. पण बांधाची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघाकडे व सरकारी खात्याकडे गेली, आणि ज्याचे त्यात काही बुडत नाही त्याने बांध पाहायचा असे झाले. मानशीची पावणी मात्र चालू राहिली. मासळीसाठी दार हवे तसे उघडणारा बोलीदार नफा घेतो आणि खाऱ्या पाण्याने शेजाऱ्याचे शेत बुडते. शेजाऱ्याचे नुकसान बोलीत धरले जात नाही तोवर ती पावणी अपुरी. शासनाचे खरे काम इथे आहे : मालकी स्पष्ट ठेवणे, करार पाळायला लावणे, इजा करणाऱ्याकडून भरपाई घेणे.

सगळ्याच पावण्या मुक्त बाजाराच्या नव्हेत, हे नीट ध्यानात घ्यावे. सोपोच्या पावणीत विकला जातो तो विक्रेत्यांकडून कर वसूल करण्याचा अधिकार. शासन आधी मक्ता निर्माण करते, मग तो विकते. पोर्तुगीज अमलातली 'रेंद' हीच पद्धत. माडाची सूर काढणाऱ्याला आजही रेंदेर म्हणतात ते या शब्दावरून. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारात तर मिठाचा व्यवहारच ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. चार लाख रुपये वार्षिक भरपाई पोर्तुगीज सरकारला मिळत राहिली, मिठागरे मात्र खचली. करार १८९२ मध्ये संपला.

उलट, जिथे पावणी हवी होती तिथे ती टाळली गेली. लोहखनिजाच्या ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण लिलावाविना झाले होते. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. खाणी बंद पडल्या, ट्रक आणि बार्जवर पोट असलेली कुटुंबे उघड्यावर आली. चूक मात्र पट्टे वाटणाऱ्यांची होती. २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला. त्याचा पैसा सरकारी तिजोरीत जातो; गावकारीच्या जोणेसारखा वाटा त्यातून गोंयकाराच्या हाती पडत नाही.