लाइव्ह सत्र

संगणकाच्या हार्ड डिस्कवर काहीही न बसवता पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडीवरून ऑपरेटिंग सिस्टिम थेट चालवण्याला लाइव्ह सत्र म्हणतात. जुनी प्रणाली न मोडता नवी आपल्या यंत्रावर कशी चालते हे पाहण्याची ही सोय मुख्यतः लिनक्सच्या वितरणांत, म्हणजे तिच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्यांत असते. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांच्या २००० सालच्या नॉपिक्स या वितरणामुळे ही पद्धत लोकप्रिय झाली. उबुंटू या वितरणाने २००६ मधील ६.०६ आवृत्तीत लाइव्ह सीडीतच इन्स्टॉलर दिला आणि आधी चालवून पाहावे, मग बसवावे, हा क्रम रुळला. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर टीपीएम २.० हा सुरक्षा घटक नसलेल्या, म्हणजेच विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या संगणकांसाठी या पद्धतीचे महत्त्व वाढले.

लाइव्ह माध्यमावरील प्रणाली बहुधा स्क्वॉशएफएस या, केवळ वाचता येणाऱ्या संकुचित स्वरूपात असते. सत्रात केलेले बदल, मग ती नवी फाइल असो वा तात्पुरते बसवलेले सॉफ्टवेअर, रॅममधील थरावर लिहिले जातात आणि संगणक बंद करताच नाहीसे होतात. मात्र हार्ड डिस्कला कुलूप लागलेले नसते. ती उघडून त्यातील फाइल पुसली, तर ती खरोखरच पुसली जाते.

लाइव्ह माध्यम बनवण्यासाठी प्रणालीची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची एकसंध प्रत, उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या, जुळवतात, पण तेवढ्याने भागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरलेल्या हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा बदलून छुपे प्रवेशद्वार असलेली आयएसओ लोकांच्या गळ्यात मारली होती. अशा हल्ल्यात शेजारी छापलेला चेकसमही बदलता येतो, म्हणून विकसकांची डिजिटल स्वाक्षरी तपासणे अधिक भरवशाचे. फाइल पेन ड्राइव्हवर उतरवताना त्यावरचा आधीचा मजकूर सहसा जातो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय, सुरू असलेल्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट (केवळ विश्वासार्ह स्वाक्षरी असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद केल्यास पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते; ती आधीच लिहून ठेवावी.

सत्रात वाय-फाय, आवाज, पडद्याची प्रखरता, प्रिंटर आणि विशेषतः झाकण मिटून उघडल्यावर यंत्र पुन्हा जागे होते का, हे पाहावे. मराठी वापरकर्त्याने इन्स्क्रिप्ट कळफलकावर जोडाक्षरे टंकून पाहावीत, तसेच श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमधील एखादी जुनी फाइल उघडावी. तो फाँट नव्या प्रणालीत नसेल, तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. पेन ड्राइव्हवरून चालताना जाणवणारा संथपणा मात्र प्रणालीच्या माथी मारू नये. विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात सहसा जागतिक वेळ धरते आणि विंडोज स्थानिक. यात बिघाड काही नसतो.

व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी यंत्रातही नवी प्रणाली चालवता येते, परंतु तिला दिसणारे हार्डवेअर बनावट असल्याने खऱ्या वाय-फाय कार्डाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आहे त्या प्रणालीवरच नवी आवृत्ती चढवल्यास आपल्या फाइलींचे काय होईल, हे तर दोन्ही मार्गांनी समजत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या फाइली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण थांबवावे लागले. विंडोज ११ वर गेल्यानंतर जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय साधारणपणे १० दिवसच मिळते, आणि तीही वैयक्तिक फाइलींच्या बॅकअपची जागा घेत नाही. तो वेगळ्या डिस्कवर घेऊन, त्यातली एखादी फाइल उघडून पाहून, ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी लागते.