जुन्या गाडीचा कंडेन्सर नेमकं काय करतो?

घरच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी उभी करून सुट्टीच्या दिवशी तिच्यावर काम करणाऱ्यांमध्ये एक वाक्य सतत ऐकू येतं: "कंडेन्सर ना? पॉइंट जळू नयेत म्हणून असतो तो." पॉइंट म्हणजे ठिणगीसाठीची वीज जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोकं आणि कंडेन्सर म्हणजे त्यांना जोडलेली, विद्युतभार साठवणारी छोटी डबी. वाक्य खोटं नाही, पण ते अर्धंच आहे आणि त्यातून गैरसमज होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कंडेन्सर गेला तर फार तर पॉइंट लवकर खराब होतील, गाडी चालत राहील. प्रत्यक्षात कंडेन्सरची तार सोडवून स्टार्टर मारला तर इंजिन नुसतं गरगर फिरतं, पेट्रोलचा वास येतो आणि बहुतेक वेळा गाडी सुरूच होत नाही. मग कार्ब्युरेटर उघडला जातो, पेट्रोलपंप तपासला जातो, प्लग बदलले जातात आणि बोटाच्या पेराएवढ्या त्या पत्र्याच्या डबीकडे कोणी बघतही नाही. त्या डबीत जे घडतं ते मला सगळ्या जुन्या इंजिनातलं सर्वांत देखणं भौतिकशास्त्र वाटतं.

आधी गरज काय आहे ते पाहू. स्पार्क प्लगच्या दोन टोकांमध्ये ०.६ ते ०.७ मिलिमीटरची फट असते. उघड्या हवेत ती ओलांडायला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये पिस्टनने मिश्रण दाबलेलं असतं. हवा जितकी दाट, तितकी तिच्यातून ठिणगी काढणं अवघड. फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हे नियमात बसवलं: ठिणगीला किती व्होल्ट लागतील हे दाब आणि फट यांच्या गुणाकारावर ठरतं. त्यामुळे चालू इंजिनात आठ-दहा हजार, कधी पंधरा हजार व्होल्टही लागतात. प्लग बाहेर काढून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि ठिणगी दिसली, म्हणजे इग्निशन ठीक आहे, असं आपण मानतो. ती परीक्षा अपुरी आहे. बाहेर उडणारी ठिणगी आत दाबाखाली उडेलच असं नाही.

आणि आपल्याकडे असते १२ व्होल्टची बॅटरी.

मधला दुवा म्हणजे इग्निशन कॉइल. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. एक जाड तारेचं, दोन-तीनशे फेऱ्यांचं. त्याला प्राथमिक म्हणू. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, वीसेक हजार फेऱ्यांचं, ते दुय्यम. शाळेत ट्रान्सफॉर्मर शिकलेला कोणीही इथे गुणाकार करेल: फेऱ्यांचं प्रमाण सुमारे एकास नव्वद, म्हणून १२ गुणिले ९० बरोबर १०८० व्होल्ट. पण एवढ्यात तर उघड्या हवेतही प्लगची फट ओलांडली जात नाही. उरलेले व्होल्ट कुठून येतात?

ते तोडण्यातून येतात. बऱ्याच जणांना वाटतं, पॉइंट एकमेकांना टेकले की ठिणगी पडते. खरं तर पॉइंट टेकतात तेव्हा फक्त तयारी सुरू होते. प्राथमिक वेटोळ्यातून विद्युतधारा वाहू लागते आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होऊ लागतं. वेटोळं स्वतःच या वाढीला विरोध करतं, त्यामुळे धारा हळूहळू चढते. या काळात प्राथमिक वेटोळ्यावर बॅटरीच्या १२ व्होल्टपेक्षा जास्त काही येऊच शकत नाही, म्हणून दुय्यममध्येही हजारभर व्होल्टच तयार होतात आणि प्लग गप्प राहतो. नंतर डिस्ट्रिब्युटरमधला, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या डबीतला, कॅम (उंचवटे असलेला फिरता दांडा) पॉइंट उघडतो. धारेचा रस्ता तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियम लागू होतो: क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल तितका मोठा व्होल्टेज. आता १२ व्होल्टची मर्यादा राहिलेली नसते. प्राथमिक वेटोळ्यातच अडीचशे-तीनशे व्होल्टचा झटका येतो आणि त्याच्या नव्वद पट दुय्यममध्ये. म्हणजे वीस-पंचवीस हजार व्होल्ट.

हा शोध मोटारीपेक्षा फार जुना आहे. आयर्लंडमधल्या मेनूथ कॉलेजात विज्ञान शिकवणारे धर्मगुरू निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये अशी दोन वेटोळ्यांची कॉइल बनवली आणि प्राथमिक धारा तोडताना दुय्यममध्ये प्रचंड व्होल्टेज येतो हे दाखवलं. पुढे उपकरणं बनवणारे रुमकॉर्फ यांच्या कॉइल युरोपभर प्रसिद्ध झाल्या आणि १८६० मध्ये एत्येन लन्वार यांनी गॅसवर चालणाऱ्या आपल्या इंजिनात ठिणगीसाठी अशीच कॉइल वापरली. मोटारीसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची सुटसुटीत रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बसवली. पुढची साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी याच रचनेवर धावल्या.

आता थोडे आकडे. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टवर धारा जास्तीत जास्त ४ अँपिअर. त्याची प्रेरकता, म्हणजे धारेतल्या बदलाला विरोध करण्याची क्षमता, ८ मिलिहेन्री धरू. साठलेली ऊर्जा म्हणजे प्रेरकता गुणिले धारेचा वर्ग, त्याचं अर्ध: ०.०६४ जूल. शंभर ग्रॅमचं वजन साडेसहा सेंटीमीटर उचलायला लागते तेवढीच. तरी ती भरपूर आहे, कारण आदर्श प्रमाणातलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटायला तत्त्वतः एक मिलिजूलसुद्धा लागत नाही. अडचण ऊर्जेच्या प्रमाणाची नाही, ती योग्य जागी पोचवण्याची आहे.

इथे कंडेन्सर येतो. तो नाही असं समजा. पॉइंट सुटू लागतात. शेवटी टेकलेला बिंदू इतका बारीक असतो की ४ अँपिअरने तिथला धातू वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून धारा वाहतच राहते. अशी ठिणगी एकदा पेटली की टिकून राहायला पंधरा-वीस व्होल्ट पुरतात. म्हणजे पॉइंट उघडले, पण रस्ता तुटलाच नाही. धारा रेंगाळत कमी होते, क्षेत्र सावकाश कोसळतं, दुय्यममध्ये व्होल्टेज चढत नाही. प्लगवर जायची ऊर्जा पॉइंटवरच उष्णता होऊन संपते. पॉइंट जळतात हे खरं, पण ज्या ऊर्जेने ते जळतात ती प्लगची असते. गाडी सुरू न होण्याचं कारण तेच.

कंडेन्सर पॉइंटांना समांतर जोडलेला असतो. पॉइंट सुटू लागताच धारेला दुसरी वाट मिळते, कंडेन्सर भरण्याची. रिकाम्या कंडेन्सरवर सुरुवातीला शून्य व्होल्ट असतात, म्हणून पॉइंटांवरही शून्याच्या आसपासच. कंडेन्सर भरत जातो तसा व्होल्टेज चढतो, पण तोवर पॉइंट आणखी लांब गेलेले असतात. पॉइंटांतलं अंतर आणि त्यांच्यावरचा व्होल्टेज यांची ही शर्यत आहे आणि कंडेन्सरचं काम अंतराला पुढे ठेवण्याचं.

ही शर्यत किती अटीतटीची आहे ते बघण्यासारखं आहे. अशा कंडेन्सरची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. शिवाय दुय्यम वेटोळ्याच्या फेऱ्यांमध्येही थोडी धारिता दडलेली असते, पन्नासेक पिकोफॅरड. ही क्षुल्लक वाटते, पण प्राथमिक बाजूने पाहताना ती फेऱ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढून दिसते, म्हणजे ०.४ मायक्रोफॅरडच्या घरात जाते. वेटोळं आणि ही सगळी धारिता मिळून झोपाळ्यासारखा एक दोलक तयार होतो, ज्यात धारा मागे-पुढे झुलते, आणि त्याच्या पाव दोलनात धारा चारवरून शून्यावर येते. गणित केलं तर हा काळ सुमारे शंभर मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. जी धारा चढायला काही मिलिसेकंद लागले, ती एवढ्यात उतरते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालत असेल, तर तेवढ्या वेळात पॉइंट साधारण दोन शतांश मिलिमीटर उघडलेले असतात आणि त्यांच्यावर तीनशेच्या आसपास व्होल्ट आलेले असतात. पाशेनच्या नियमाची एक विलक्षण बाजू अशी, की हवेत सुमारे ३२७ व्होल्टच्या खाली फट कितीही कमी-जास्त केली तरी ठिणगी उडत नाही. आपला आकडा या उंबरठ्याच्या जेमतेम अलीकडे राहतो.

कंडेन्सर फार लहान घेतला तर व्होल्टेज झटकन चढून शर्यत जिंकतो आणि पॉइंटवर ठिणगी उडते. फार मोठा घेतला तर क्षेत्र सावकाश कोसळतं आणि प्लगची ठिणगी कमजोर होते. म्हणून हातात येईल तो कंडेन्सर चालत नाही. पॉइंट काढून बघावेत: एका टोकावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा झाला असेल, तर एका पॉइंटावरचं टंगस्टन दुसऱ्यावर जाऊन बसत आहे आणि कंडेन्सरची धारिता जुळत नसावी. कॉइलला कंडेन्सर जोडण्याची ही युक्ती आर्मां फिझो यांची, १८५३ सालची. प्रकाशाचा वेग पृथ्वीवरच्या प्रयोगाने मोजणारे फिझो ते हेच. तो प्रयोग १८४९ चा.

सर्वांत बिकट वेळ स्टार्टर मारतानाची. तेव्हा इंजिन मिनिटाला दोनेकशे फेऱ्यांनी फिरतं आणि पॉइंट इतके संथ उघडतात की त्याच शंभर मायक्रोसेकंदांत फट एक-दोन सहस्रांश मिलिमीटर एवढीच होते. चांगला कंडेन्सर असूनही थोडी ठिणगी पॉइंटवर वाया जातेच. त्यात स्टार्टरने बॅटरी नऊ-दहा व्होल्टवर आणलेली असते. धारा ३ अँपिअर झाली, तर ऊर्जा धारेच्या वर्गावर अवलंबून असल्याने जवळजवळ निम्मी होते. धक्का मारून सुरू होणारी आणि स्टार्टरवर न होणारी गाडी अनेकदा एवढंच सांगत असते. दुसऱ्या टोकाला, ६००० फेऱ्यांवर दोन ठिणग्यांमध्ये ५ मिलिसेकंदच मिळतात आणि पॉइंट त्यांपैकी साडेतीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ मिटलेले असतात. धारा तीन अँपिअरच्या खाली राहते, इंजिन अडखळतं.

वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिलेला जुना, पण न वापरलेला कंडेन्सर कोणी मोठ्या कौतुकाने देतं. तो घ्यावा, पण तपासून. आतल्या कागदी थरात ओल शिरली की त्यातून धारा झिरपते. थंड असताना मीटरवर आकडा बरोबर दिसतो, तापल्यावर झिरपणं वाढतं. थंड इंजिन सुरू होतं, अर्ध्या तासाने गाडी बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा चालते, हे लक्षण असेल तर कंडेन्सर आणि कॉइल या दोघांवर आधी संशय घ्यावा. कॉइलचं तांबंही दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के रोध वाढवतं, म्हणजे सत्तर अंशांच्या वाढीला सव्वापट. म्हणूनच काम करताना पॉइंट मिटलेले ठेवून चावी चालू सोडू नये. कॉइल पन्नासेक वॅटने तापत राहते.

याच जागी फसवणुकीचा बाजारही फुलतो. "पन्नास हजार व्होल्टची कॉइल लावा, ताकद वाढेल" असं सांगितलं जातं. पण प्लगची फट बारा हजारांवर तुटत असेल, तर ठिणगी बारा हजारांवरच पडते आणि व्होल्टेज त्यापुढे चढतच नाही. जास्त क्षमता म्हणजे अडचणीच्या वेळची राखीव शिल्लक. निरोगी इंजिनाला तिने अश्वशक्ती मिळत नाही. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधून मायलेज वाढवण्याचा दावा तर निखालस खोटा आहे. पेट्रोलच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो आणि तापमानाने होणाऱ्या त्यांच्या धावपळीत तोही पुसला जातो. हे विकणाऱ्यांकडे दोन सारख्या इंजिनांवर मोजून घेतलेले आकडे मागावेत.

धारा तोडताना ठिणगी पडते हे गॅरेजमध्ये स्वतः बघता येतं. बारा व्होल्टचा छोटा दिवा घ्यावा. एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या धातूला. चावी चालू करून इंजिन हाताने हळूहळू फिरवावं. पॉइंट मिटलेले असेपर्यंत दिवा बंद, कारण धारा पॉइंटांतून थेट इंजिनाच्या धातूत (अर्थिंगला) जाते. पॉइंट उघडले की दिवा लागतो. तोच ठिणगीचा क्षण, आणि पुलीवरची खूण त्या वेळी जिथे असेल ते इंजिनाचं टायमिंग. हे करताना कॉइलच्या मधल्या जाड तारेला हात लावू नये.

पॉइंटचा गॅप, म्हणजे पूर्ण उघडल्यावरची फट, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने) बसवावा, साधारण ०.४ मिलिमीटर किंवा त्या गाडीच्या पुस्तकात असेल तो, आणि टायमिंग त्यानंतरच लावावं. क्रम उलटा केला तर मेहनत वाया जाते, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. पॉइंटाच्या हातावरचा फायबरचा ठोकळा कॅमवर घासून झिजतो तसा गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडू लागते. ही घसरण इतकी संथ असते की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही. कॅमवर ग्रीसचं बारीक बोट फिरवलं तर ती मंदावते. मात्र ग्रीस पॉइंटवर उडालं तर जळून त्याचा काळा थर बसतो, म्हणून थेंबभरच.

काही जण पॉइंट काढून तिथे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवतात. तिथे धातूची टोकं दूर सरकत नाहीत, ट्रान्झिस्टर काही मायक्रोसेकंदांत धारा बंद करतो, त्यामुळे अंतर आणि व्होल्टेजची शर्यतच उरत नाही आणि पॉइंटचा कंडेन्सरही काढता येतो. नव्या मोटारींत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, रोध ओहमच्याही खाली आणि धारा सात-आठ अँपिअर. तिथेही काही मिलिसेकंद क्षेत्र भरलं जातं आणि मग धारा तोडली जाते.