दुर्बिणीचा माउंट आणि ट्रायपॉड यांचे परीक्षण

दुर्बिणीची नळी आकाशातल्या हव्या त्या बिंदूकडे वळवून तिथे स्थिर धरणारी यंत्रणा म्हणजे माउंट, आणि त्या यंत्रणेचा भार जमिनीपर्यंत पोहोचवणारी तिपाई म्हणजे ट्रायपॉड. हौशी निरीक्षकाची दुर्बीण कितपत कामाची आहे, हे भिंग-आरशांइतकेच या दोन भागांवर ठरते. तरी खरेदीच्या वेळी बोलणे होते ते नळीच्या व्यासाचे. तिपाईच्या पायांकडे लक्ष जाते ते बहुधा पहिल्या रात्री, गुरू दृष्टिक्षेत्रात नाचू लागल्यावर.

आधाराकडून किती स्थिरता हवी, याचा हिशेब करण्यासारखा आहे. १ मीटर लांबीच्या नळीचे एक टोक जेमतेम ५ मायक्रॉन सरकले, की तिचा रोख १ विकलेने (अंशाच्या ३,६००व्या भागाने) बदलतो. माणसाचा केस याच्या दहापट तरी जाड असतो. १०० मिमी व्यासाची दुर्बीण भेदक्षमता सांगणाऱ्या डॉसच्या सूत्रानुसार सुमारे १.१६ विकला अंतरावरचे जोडतारे वेगळे दाखवू शकते. म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढी थरथर तिची सारी क्षमता वाया घालवायला पुरेशी आहे. वर्धन वाढवले की थरथरही तितक्याच पटीने वाढते.

माउंटचे मुख्य प्रकार दोन. अल्टाझिमथ माउंट नळीला आडवे-उभे फिरवतो; विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते त्याकडे, रोखलेला असल्याने त्या एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. योझेफ फ्राउनहोफर याने १८२४ साली दोर्पात (आजचे एस्टोनियातील तार्तू) वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी बनवलेला विषुववृत्तीय माउंट हा आजच्या ‘जर्मन’ धाटणीच्या माउंटचा पूर्वज. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा लाकडी पेटीचा माउंट अल्टाझिमथच. तो थेट जमिनीवर बसतो, त्यामुळे त्याला तिपाई लागतच नाही.

परीक्षणाची पहिली पायरी म्हणजे टिचकी. आयपीस (डोळ्याजवळचे भिंग), शोधक दुर्बीण, काउंटरवेट (तोल साधणारे वजन) असा सगळा सरंजाम चढवून १०० ते १५० पट वर्धनाने एखादा तारा पाहावा, नळीला आयपीसजवळ बोटाने टिचकी मारावी आणि प्रतिमा शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोजावे. १ सेकंदाच्या आत शांत झाली तर आधार उत्तम. २-३ सेकंद चालण्यासारखे. ५ सेकंदांच्या पुढे फोकस जुळवणे ही शिक्षाच होते, कारण चाकाला हात लावला की चित्र हलते आणि थांबेपर्यंत नेमके कुठे स्पष्ट होते ते विसरायला होते. हीच चाचणी पाय आखडून एकदा आणि पूर्ण लांब करून एकदा घ्यावी. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर पाय कमकुवत आहेत. फरक पडला नाही तर दोष वर कुठेतरी आहे.

तो शोधायला बोटासारखे साधन नाही. दोन भागांच्या सांध्यावर बोट असे ठेवावे की अर्धे एका भागावर, अर्धे दुसऱ्यावर येईल, आणि नळीचे टोक हलके हलवावे. सांधा सरकत असेल तर बोटाला लगेच कळते. नळीच्या कड्या, नळी माउंटवर बसवणाऱ्या डवटेल पट्टीची पकड, दोन्ही अक्ष, माउंट आणि तिपाईमधला बोल्ट, पायांच्या बिजागऱ्या असे वरून खाली तपासत यावे. ‘खेळ’ आणि ‘लवचीकता’ यांत इथे गल्लत होऊ देऊ नये. खेळ म्हणजे सैल जोड. तो खट्ट करून सरकतो आणि बहुतेकदा स्क्रू आवळून जातो. लवचीकतेत भाग वाकून परत येतो. ती धातूच्या मापातच असते आणि पाना कितीही फिरवला तरी जात नाही. जुनी दुर्बीण विकत घेताना हा फरक ओळखता आला तर बरेच पैसे वाचतात.

पायांच्या बाबतीत साधी यांत्रिकी पुरते. एका टोकाला पक्का धरलेला दांडा किती वाकतो, ते त्याच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते: लांबी दुप्पट, तर वाकणे आठपट. उलट, भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास ३२ मिमीवरून ५१ मिमी केला तर ताठपणा सुमारे चौपट होतो. म्हणून उभ्याने पाहायचा हट्ट सोडून पाय आखडून स्टुलावर बसणे, हा कंप कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. लाकडी पाय जुनाट दिसले तरी कंप चांगला गिळतात. माउंटचा माथा दोन्ही हातांनी धरून पिळूनही पाहावा. पुष्कळ तिपाया वरून खाली दाबल्यावर भक्कम वाटतात आणि पिळल्यावर बिजागऱ्यांपाशी डगमगतात.

उत्पादकाने सांगितलेली भारक्षमता जपून वाचावी. सारख्याच वजनाच्या दोन नळ्यांपैकी एक दुप्पट लांब असेल, तर ती डोलवण्याला चौपटीच्या आसपास जडत्व असते. तेवढ्याच वजनाची आखूड कॅसग्रेन (आरशांची दुर्बीण) जिथे निवांत राहते तिथे लांब रिफ्रॅक्टर (भिंगांची दुर्बीण) डोलतो. छायाचित्रण करणारे सांगितलेल्या क्षमतेच्या निम्म्या ते दोन-तृतीयांशापर्यंतच भार ठेवतात.

मोटार असलेल्या माउंटला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते, म्हणजे अक्षाला सेकंदाला सुमारे १५ विकला फिरावे लागते. अक्ष फिरवणाऱ्या वर्मगियरच्या (मळसूत्री दांडा आणि दातेरी चाक यांच्या जोडीच्या) दातांतली बारीक असमानता या गतीत नियमित चढउतार आणते. १४४ दातांच्या चाकात हे चक्र सुमारे १० मिनिटांनी, १८० दातांच्या चाकात सुमारे ८ मिनिटांनी पुन्हा येते. ते पाहायचे तर ध्रुवीय अक्ष मुद्दाम किंचित चुकवून दोन-तीन चक्रांइतका वेळ छायाचित्र घ्यावे: ताऱ्याची रेघ सरळ न येता लाटेसारखी उमटते. लाटेच्या उंचीपेक्षा तिचा गुळगुळीतपणा अधिक महत्त्वाचा, कारण सावकाश बदलणारी चूक ऑटोगाइडर (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची गती आपोआप दुरुस्त करणारा कॅमेरा) सुधारतो, अचानक झटका सुधारायला त्याला वेळ मिळत नाही. बॅकलॅश (दिशा उलटताना आड येणारा गियरच्या दातांमधला खेळ) पाहायला नियंत्रणाची दिशा उलटवावी आणि तारा हलायला किती वेळ जातो ते मोजावे.

डॉब्सन माउंटला मोटार बहुधा नसते. तिथे घर्षणच सगळे ठरवते. १५० पट वर्धनात, ५० अंशांचे दृश्यक्षेत्र असलेल्या आयपीसमधून, खगोलीय विषुववृत्ताजवळचा ग्रह सुमारे ८० सेकंदांत दृष्टिक्षेत्र ओलांडतो. एका बोटाने ढकलून त्याला मध्यभागी आणता आले, नळी सुरुवातीला अडून मग उसळली नाही आणि बोट काढल्यावर मागे सरली नाही, तर माउंट ज्यांवर सरकतो ते टेफ्लॉनचे तुकडे योग्य जागी बसले आहेत असे समजावे. नळी थेट डोक्यावरच्या आकाशाकडे रोखलेली असताना मात्र ती आडव्या दिशेने फिरवायला हाताला पुरेशी पकडच मिळत नाही, त्यामुळे चांगला डॉब्सन माउंटही तिथे अडखळतो. त्यावरून त्याला नापास करू नये.