डिस्कससाठी टाकी तयार करणं आणि सोबतचे मासे

डिस्कस (सिम्फिसोडॉन) हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला थाळीसारखा चपटा मासा, 1840 साली हेकेलने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पूर्ण वाढला की 15 ते 20 सेंटीमीटर होतो आणि कळपात राहतो, त्यामुळे एकटा-दुकटा ठेवला तर घाबरून कोपऱ्यात काळा पडून बसतो. निदान 5-6 तरी घ्यावेत, आणि त्यांना साधारण 200-250 लिटरची, 45 सेंटीमीटर तरी उंच टाकी लागते.

टाकीत पाणी भरलं, हीटर लावला आणि दुसऱ्या दिवशी डिस्कस सोडले, असं केलं की पैसे पाण्यात. आधी टाकी सायकल व्हायला हवी, म्हणजे फिल्टरच्या स्पंजमध्ये बॅक्टेरिया वाढून माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट व्हायला लागला पाहिजे, याला 4 ते 6 आठवडे सहज जातात. जुन्या, निरोगी टाकीतला चिखलट स्पंज मिळाला तर काम लवकर होतं (तो नळाखाली धुवायचा नाही बरं का, क्लोरीनने सगळे बॅक्टेरिया मरतात). टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबायचं. हे पाणी 28 ते 30 अंशांवर ठेवतात आणि गरम पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो, शिवाय ऑक्सिजनही कमी विरघळतो, म्हणून एअर पंप हवाच. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं, पण फार्मवर वाढलेले डिस्कस त्यात चालतात. रोज पीएच (पाण्याची आम्लता) खालीवर करत बसण्यापेक्षा तो स्थिर ठेवलेला बरा.

सोबती निवडायचे ते याच तापमानावरून. गोल्डफिश इथेच बाद, त्याला थंड पाणी लागतं. कार्डिनल टेट्रा, रमीनोज टेट्रा आणि तळाला स्टरबाय कोरीडोरस हे उष्णता सोसतात, नियॉन टेट्रा मात्र इतक्या गरम पाण्यात फार टिकत नाही. टायगर बार्ब पंख कुरतडतो. एंजल दिसायला डिस्कसचा भाऊच, पण खाण्यावर तुटून पडतो आणि डिस्कस बिचारा आरामात जेवणारा. सगळ्यात फसवा कॉमन प्लेको: दुकानात ‘काच साफ करतो’ म्हणून देतात आणि मोठा झाला की रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून चिकट थर चाटतो, सकाळी कुशीवर गोल पांढुरके ओरखडे दिसतात. हा थर साधा नाही, डिस्कसची पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा हाच थर खाऊन वाढतात.

टेट्रा आधी, डिस्कस शेवटी. टेट्रा बिनधास्त फिरताना दिसले की लाजरे डिस्कसही बाहेर येतात. कुठलाही नवा मासा आधी 4 आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा, मग तो बादलीत घेऊन एअरच्या नळीला सैल गाठ मारून मुख्य टाकीतलं पाणी थेंब थेंब त्या बादलीत सोडायचं, तासाभराने मासा जाळीने उचलायचा आणि बादलीतलं पाणी मोरीत ओतायचं, टाकीत नाही.